न वाजणारं रीळ

वाटूर फाट्यावर पुंजाराम मिस्त्रीचं जळालेल्या मोटरींत नवी तार भरायचं दुकान आहे. मोटर भरून झाली की तो ती चालू करतो, डोळे मिटतो आणि नुसता ऐकतो. ‘आवाज म्हंजे रोग,’ हे त्याचं ठाम मत. कुणापुढं शिकायला बसला नाही, सगळं खोलून खोलून शिकला. म्हणून आपल्या मतावर त्याचा भारी भरवसा.

दर रविवारी तो दुधनेच्या धरणाच्या फुगवट्यावर मरळ मासे धरायला जातो. संगं बायको, गिरिजाबाई. काचबिंदूनं तिची नजर नेली; उजेड नि सावली, एवढंच उरलं. रविवारचे हे तीन तास सोडले तर ती उंबरा ओलांडत नाही. तो तिला बाभळीखाली पोत्यावर बसवतो आणि काठाकाठानं सरकत गळाला आमिष म्हणून लावलेला रबरी बेडूक पाण्यात फेकत राहतो. बोलायचं मात्र नाही. माणूस बोललं की मासा पळतो, हा त्याचा कायदा.

गळाचा दोर गुंडाळायचं त्याचं रीळ होतं सहाशेचं. दाते झिजलेले, मूठ डुलणारी, दोर गुंडाळताना करकर करकर. मोठा मासा लागला की हिसके देत दोर सोडायचं आणि मासा तोडून जायचा. फाट्यावरचा भुजंग चहावाला चिडवायचा, “मिस्त्री, मासे धरून राह्यले का दळण दळून राह्यले?”

“तुझं पीठ हाय का त्यात?” मिस्त्री डाफरायचा. सहाशेचं असलं तरी त्यानं ते सात वर्षं स्वतःच्या हातानं जगवलं होतं. त्याला हसणाऱ्यांनी आपली नऊ हजारांची वस्तू सात महिने तरी टिकवून दाखवावी!

मग पुण्यात नर्स असलेल्या सुमेधानं, त्याच्या लेकीनं, खरंच नऊ हजारांचं रीळ पाठवलं. “एवढा खर्चा कशाला?” म्हणून आधी तो फोनवर तडकला. नंतर दुकानातल्या टेबलावर त्यानं ते खोललंच. आतली बेरिंगं पाहिली नि राग उतरला. जोडून घरी नेलं, बायकोच्या कानाशी धरून फिरवलं.

“ऐक.”

“काय ऐकू? काईच वाजत न्हाई.”

“तेच तं!”

पहिल्याच रविवारी चार किलोची मरळ लागली. रिळानं दोर असा सोडला, जसा गाईला दावं ढिलं करावं. तुटायचा सवालच नव्हता. पण पुढच्या रविवारी गिरिजाबाई म्हणाली, “तुमीच जावा. गुडघे दुखून राह्यले.” त्याच्या पुढच्याही रविवारी तेच. एकट्यानं धरलेला मासा मिस्त्रीला गोड लागेना. चौथ्या रविवारी त्यानं तिला हट्टानं नेलं.

वळणापलीकडं मासा लागला. तो घेऊन परत आला, तर पोतं रिकामं. गिरिजाबाई पाण्याच्या कडेला, घोटाभर चिखलात, हात पुढं करून उभी.

“गिरिजे! कुठं चालली?”

“तुमाला पाह्यला.”

“दिसतं का तुला?” तो ओरडलाच.

“आधी दिसत व्हते,” ती म्हणाली. “ते करकर वाजायचं, मंग कळायचं, आता लव्हाळ्यापाशी हायेत, आता खडकापाशी. आता बसून बसून काळीज धडधडतं. वाटलं, पाण्यात गेले का काय.”

मिस्त्री सात वर्षं ज्याला रोग म्हणत आला, त्याच आवाजाला धरून ही बाई रविवारची त्याच्यासंगं काठ फिरत होती. त्यानं चिखलात रुतलेली तिची चप्पल काढली, तिचे पाय धुतले.

“पुढच्या रविवारी जुनंच लावतो.”

“कशाला? लेकीनं जीव लावून धाडलंय, मासा बी तुटत न्हाई.” ती पोत्यावर टेकली. “तुमाला तोंड न्हाई का?”

त्यानं इकडंतिकडं पाहिलं. मग बेडूक फेकला आणि चोरासारखा म्हणाला, “लव्हाळ्यापाशी हाय.”

“बराबर.”

“आता खडकापाशी. हितं एक बगळा हाय. माझ्याकडं सासऱ्यावानी पाहून राह्यला.”

ती पदर तोंडाला लावून हसली. पाण्यात खळबळ झाली, मासा पळाला. मिस्त्रीनं पुन्हा बेडूक फेकला.

संध्याकाळी सुमेधाचा फोन आला. “बाबा, कसंय रीळ?”

“एक नंबर,” मिस्त्री म्हणाला. “फक्त बोलावं लई लागतं.”