व्याही बंदरावर राहिले

माझ्या व्याह्यांनी मला फसवलं. शिरोलीत भाड्याच्या शेडमध्ये लोखंड ओतायच्या एका भट्टीवर धंदा सुरू केलेला मी माणूस. भंगारवाल्यापासून बड्या गिऱ्हाइकापर्यंत कुणाला मला गंडवता आलं नाही. ते कोडोलीच्या या माणसानं केलं, तेही सेशेल्सच्या बंदरावर, माझ्या डोळ्यांदेखत.

माझी लेक त्यांच्या घरात दिलेली. म्हणजे मान त्यांचा, वाकायचं मी. पण त्यांच्यापुढं वाकायला सवड मिळत नाही, कारण ते आधीच कुणाच्या तरी कट्ट्यावर मांडी घालून बसलेले असतात. जगात त्यांना परका माणूस नाही. दवाखान्यात दाखल झाले तर शेजारच्या खाटेवरच्या पेशंटच्या लेकीचं लग्न जमवून घरी येतात. कुठलीही वस्तू ते बाजारातल्या बैलासारखी पारखतात. माझी नवी गाडी बघायला आले, तर चहूबाजूंनी थापटली, बॉनेट उघडून आत डोकावले, मागच्या सीटवर आडवे झाले आणि म्हणाले, "झोपायला बरी हाय." शिवाय भडंगाचा डबा हातात दिल्याशिवाय ते कुणाला प्रवासाला जाऊ देत नाहीत.

शिडाच्या होडीतच मुक्काम करत चार दिवस बेटं फिरायची कल्पनाही त्यांचीच. पुरात वारणा पोहून जाणारा माणूस. वर्षभर "एकदा शीड माझ्या हातानं वर वडायचं" एवढंच बोलत होते. त्यासाठी पांढरी टोपी घेतली होती, ती डेअरीत दूध घालायला जातानाही डोक्यावर असायची. ते, मी आणि आमचे तीन दोस्त असे पाच जण गेलो.

होडी सुटायच्या आदल्या दिवशी बंदर बघायला निघालो आणि माझी मान जी खाली गेली ती वर आलीच नाही. चौकातल्या पोलिसाला यांनी "काय पावणं, जेवलासा का?" म्हणून विचारलं. बाजारातले फणस एकेक करून वाजवले. नारळवालीच्या गाड्यामागं जाऊन तिचा कोयता घेतला आणि "धार न्हाय ह्याला" म्हणत दगडावर घासायला बसले. मी खेकसलो, "आवं, माणसं बघाय लागल्यात." ते म्हणाले, "बघू देत की. आपण पण त्यांनाच बघाय आलोय."

मी मात्र कामाचं बघत होतो. होडीच्या मालकाचे आजोबा गुजरातेतून गेलेले, त्यामुळं हिंदी चालत होती. ठरलेलं भाडं मी पुन्हा पाडायला घेतलं. तो उठून गेला, मी उठून गेलो, शेवटी त्यानं हसून हात पुढं केला. दोस्तांनी माझी पाठ थोपटली. व्याही तेवढे म्हणाले, "एवढ्या लवकर हसला व्हय? मी जरा होडी बघून येतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी धक्क्यावर पिशवी खाली ठेवून म्हणाले, "मला न्हाय जमायचं. पाण्याचं भ्या वाटाय लागलंय. तुम्ही जावा." मी भडकलो. सगळ्यांसमोर त्यांना भित्रा म्हणालो, त्यांच्या टोपीवरूनही बोललो. त्यांनी हसत टोपी नीट बसवली.

शीड फुगलं, धक्का लांब गेला, आणि मी सामान ठेवायला आत उतरलो. बिछाने चारच होते, आणि आम्ही ठरलो होतो पाच. मालकानं भाडं उतरवलं तशी होडीही उतरवली होती, धाकटी दिली होती. खिडकीजवळच्या, सगळ्यात चांगल्या बिछान्यावर भडंगाचा डबा ठेवलेला होता. आदल्या दिवशी ते इथं आडवे होऊन बघून गेले होते.

मुलीच्या बापानं व्याह्याला धक्क्यावर ठेवून आपण होडीत बसायचं. आमच्याकडं असं कुणी ऐकलं तर दारात उभं करणार नाहीत. मी वर धावलो, मागं फिरवा म्हणून ओरडलो. खलाशानं वाऱ्याकडं बोट दाखवलं. धक्क्यावर पांढरी टोपी हलत होती.

परत आलो तेव्हा नारळवालीनं लांबूनच हाक मारली, "या पावणं!" तिच्या गाड्यामागं व्याही कोयता चालवत होते. माझ्या हातात शहाळं देत त्यांनी हळूच विचारलं, "शीड वर जाताना आवाज हुतो का वो?" मी शहाळं तोंडाला लावलं.

घरी त्यांनी पाण्याला भ्यालो असंच सांगितलंय. माझी लेक हसते, नातवंडं चिडवतात, तेही हसतात. दूध घालायला आता ती टोपी घालून जात नाहीत.

व्याही, माझी लाज राखायला तुम्हाला कुणी सांगितलं होतं? रविवारी जेवायला याल, तेव्हा माझ्या लेकीसमोर ह्याचं उत्तर द्यायचं. आणि येताना टोपी घालून यायचं.