माझ्या वाट्याचं प्रभुभोजन

ट्रे माझ्यापर्यंत आला आणि पुढं गेला.

ट्रेमध्ये बोटाएवढे काचेचे ग्लास. प्रत्येकात घोटभर द्राक्षरस. येशूनं आपल्यासाठी रक्त सांडलं, त्याची आठवण म्हणून तो प्यायचा. मी हात पुढं केला होता. मॅडमनी ट्रे माझ्या डोक्यावरनं पलीकडच्या बाईला दिला. मग स्वयंपाकघरात गेल्या आणि स्टीलचा कप घेऊन आल्या. माझा चहाचा कप. सिंकखाली वेगळा ठेवलेला.

"तुझं यात घे," त्या हळूच म्हणाल्या.

हॉल माणसांनी भरलेला. ज्यांनी पाहिलं त्यांनी डोळे मिटून घेतले. प्रार्थनेसाठी मिटतात तसे.

मी प्यायले.

ऐरोलीचा तो फ्लॅट. खाली गार्ड, वर काचेची बाल्कनी, बाल्कनीतून खाडी दिसायची. मॅडमचे मिस्टर मोठ्या कंपनीत होते. दर रविवारी त्यांच्या हॉलमध्ये मंडळी जमायची आणि बायबलमधलं वचन मिस्टरच सांगायचे. आम्ही सगळे त्यांना ब्रदर म्हणायचो. बाकीचे दिवस मी त्याच घरात ब्रदरच्या आईला सांभाळायचे. आजी अंथरुणाला खिळलेल्या. त्यांना पुसायचं, कूस बदलायची, भरवायचं. सगळं मीच.

रविवारी मी 'सिस्टर'. सोमवारी 'बाई'.

आणि ऐका. प्रभुभोजनाची भाकर आजींना चावता यायची नाही. मी ती रसात भिजवायचे आणि माझ्या बोटांनी त्यांच्या तोंडात ठेवायचे. ती बोटं चालायची. माझे ओठ त्या ग्लासला चालत नव्हते.

दुसऱ्या दिवशी भांडी घासता घासता मी विचारलं. मॅडम म्हणाल्या, "अगं, तू आजारी माणसाचं करतेस. इन्फेक्शनचं बघावं लागतं." मी घासतच राहिले. मग आपणहूनच म्हणाल्या, "वाईट वाटून घेऊ नकोस. आपण सगळे ख्रिस्तीच. पण आमचं घराणं मूळचं वरचं आहे. तुमच्याकडं जरा वेगळं असतं ना."

आमच्याकडं. जालन्याकडच्या एका गावात मांगवाड्याच्या टोकाला आमचं घर. माझ्या आज्यानं बाप्तिस्मा घेतला, कारण त्याला कुणीतरी सांगितलं होतं की या देवाच्या पंगतीत सगळे एका ओळीत बसतात. आजा त्या एका वाक्यावर आपलं आधीचं गाव सोडून तिथं आला. मी लहानपणापासून ते ऐकत आले. मला ते खरं वाटायचं. अजूनही वाटतं. म्हणूनच जास्त लागलं.

तरी मी दर वेळी तो कप घेत राहिले. काम सोडायची सोय नव्हती. माझा नवरा जासईच्या यार्डात ट्रेलरवर कंटेनर बांधायचं काम करायचा. वरून लोखंडी दांडा निसटला आणि पाठीत बसला. कमरेखाली जीव उरला नाही. ठेकेदार एकदा केळी घेऊन आला, मग त्याचा फोन लागेना. आम्ही जासई सोडून तळवलीत खोली घेतली, ऐरोली जवळ पडावं म्हणून. सकाळी नवऱ्याचं करायचं, मग जाऊन आजींचं करायचं, संध्याकाळी परत नवऱ्याचं. दिवसभर मी नसायचे तेव्हा घरमालकीण काकू अधूनमधून डोकवायची. ती इथलीच, आगरी. आमचा तिचा देव वेगळा. पण पाणी पाजायला तिनं कधी जात विचारली नाही.

मी प्रार्थना करायचे. खूप करायचे. याला उठव. निदान बसव. निदान पायाची बोटं हलू दे. मागणं लहान लहान होत गेलं.

ब्रदर म्हणायचे, "सिस्टर, शांत राहा. भरवसा ठेवा." रडले तरी तेच. पगाराआधी उचल मागितली तरी तेच. शांत राहा. हळूहळू मला त्या शब्दाचा अर्थच कळेनासा झाला.

उन्हाळ्यात नवऱ्याच्या पाठीवरची जखम चिघळली. ताप उतरेना. तो भलतंच बडबडायला लागला. काकूच्या पुतण्यानं रिक्षा आणली आणि आम्ही त्याला वाशीला सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती. तिनं मला बाजूला घेतलं.

"विष रक्तात गेलंय, ताई. आम्ही प्रयत्न करतोय. आज काही सांगता येत नाही."

मी ब्रदरना फोन केला. मंडळीनं प्रार्थना करावी एवढंच मागायला.

ते म्हणाले, "नक्की करतो. शांत राहा, भरवसा ठेवा." जरा थांबून म्हणाले, "आईंची जेवणाची वेळ झालीय. तुम्ही साधारण कधीपर्यंत याल?"

मी फोन ठेवला. जिन्यावर जाऊन बसले. भरदुपार. माणसं माझ्या बाजूनं वर-खाली करत होती. मी प्रार्थनेला तोंड उघडलं आणि शब्दच येईना. लहानपणापासून पाठ केलेलं सगळं संपलं होतं. मागायलाही काही सुचेना. मी एवढंच म्हटलं, "देवा, माझ्याकडं आता काही नाही. तू बघ."

आणि गप्प बसले.

मग जे झालं ते मला नीट सांगता येत नाही. आवाज झाला नाही, उजेड पडला नाही. भीती गेली नाही, ती तिथंच होती. पण माझ्या छातीवर बसलेली ती खाली उतरून शेजारी बसली. माझा श्वास मला ऐकू आला. आतून सगळं थांबलं. कुणीतरी आहे, एवढं कळलं. बोलत नाही, पण आहे.

त्या शांततेत मला मीच दिसले. हॉलमध्ये, हातात कप, मान खाली. आणि पहिल्यांदा कळलं की ती मान देवापुढं खाली नव्हती.

नवरा वाचला. उठला नाही. वाचला.

पुढच्या प्रभुभोजनाच्या दिवशी काकू म्हणाली, "जा गो तू. मी हाय ना इकरं." मी गेले. ट्रे आला, पुढं गेला. मॅडम कप घेऊन आल्या.

मी हात मांडीवरच ठेवले. "मला ट्रेमधला द्या."

"अगं, रस तोच आहे."

"मग ट्रेमधलाच द्या."

गाणं थांबलं. सगळे बघायला लागले. ब्रदर उठून जवळ आले. आवाज अगदी मऊ. "सिस्टर, प्रभूच्या मेजापाशी वाद नको. शांत राहा."

"मी शांतच आहे, ब्रदर. म्हणून बोलतेय."

कुणी हललं नाही. एवढी माणसं. एकानंही तो ट्रे माझ्याकडं सरकवला नाही. मी उठले, आत गेले, आजींना भाकर भिजवून भरवली, तोंड पुसलं, कूस बदलली. त्यांनी माझं मनगट धरलं. बाहेर काय झालं ते त्यांना कळलं होतं की नाही, देव जाणे. मी हात सोडवला आणि घर सोडलं.

रस्त्यातच मॅडमचा मेसेज आला. उद्यापासून येऊ नकोस.

नवरा चिडला. "कामून बोललीस? आता खायाचं काय?" त्यानं तोंड भिंतीकडं केलं. उठून जाता येत नव्हतं त्याला. त्याचं खरंच होतं. काही दिवस काकूच्या घरनं डाळभात आला. मग मला एका ऑफिसात फरशी पुसायचं काम लागलं. आधीपेक्षा कष्ट जास्त आणि पगार कमी.

नंतर मॅडमचा फोन आला. आजी नव्या बाईच्या हातचं खात नव्हत्या. थुंकून टाकायच्या.

"ये परत. ग्लासचं बघू आपण. फक्त रविवारी सगळ्यांसमोर एकदा सॉरी म्हण. ब्रदरना फार लागलंय."

नवरा ऐकत होता. फोनचा आवाज मोठाच होता. त्याच्या डोळ्यांत 'हो म्हण' होतं. मला माझं मनगट धरलेला आजींचा हात आठवला.

"आजींना भरवायला येईन, मॅडम. पैसे नको. सॉरी म्हणायला येणार नाही."

पलीकडनं फोन कट झाला. तिथं मला परत कुणी बोलावलं नाही.

नवऱ्यानं परत भिंतीकडं तोंड केलं. मी त्याची जखम धुतली. ती अजून पूर्ण भरलेली नाही. भरेल का, माहीत नाही. तो बसेल का, माहीत नाही. देवाला रोज विचारते. उत्तर येत नाही. मी देवापाशी तशीच बसते, काही न बोलता, उत्तराशिवाय. त्याच्यावर माझा भरवसा आहे. त्याच्या नावानं मला गप्प करणाऱ्यांवर नाही. ते परत शांत राहा म्हणतील तेव्हा मी शांत असेन, आणि बोलेन. प्रत्येक वेळी. सगळ्यांसमोर.