कोटाच्या आतला सेट

आमची चौकी उत्तर सीमेवर, बारमाही बर्फाच्या एका धारेवर होती. मी पोस्ट कमांडर, हुद्दा सुभेदार. रेडिओ ऑपरेटर नाईक सॅमसन आपटेकर माझ्याच पनवेलचा, कोकणातल्या मराठी ज्यू कुटुंबातला. धाकटा भाऊ इस्रायलला गेला. सॅमसन सैन्यात आला.

त्या वर्षी नवे रेडिओ सेट मिळाले. जुन्या सेटच्या चिप परदेशातून यायच्या. दोन महासत्तांच्या भांडणात त्यांची निर्यात अडली. नव्या सेटवर स्वदेशीचा शिक्का होता. एक सेट बिघडला म्हणून बेस वर्कशॉपने उघडला, तेव्हा चिपवरची अक्षरं घासून काढलेली दिसली. मेकॅनिकच्या मते त्या घरगुती यंत्रांत बसवायच्या साध्या चिप होत्या. ज्या देशावर नजर ठेवायला आम्ही तिथे बसलो होतो, त्याच देशातून आलेल्या.

कडाक्याच्या थंडीत सेट बंद पडे. ऊब मिळाली की पुन्हा लागे. म्हणून ऑपरेटरने तो कोटाच्या आत अंगाशी धरायचा, ही पद्धत पडली. सॅमसन झोपतानाही त्याला जवळ घ्यायचा.

"देशाची सुरक्षा सध्या माझ्या काखेत आहे, साब," तो म्हणायचा. "महिनाभर आंघोळ नाही, हेही देशाने चालवून घ्यावं."

मी दोनदा लेखी तक्रार पाठवली. ऑक्टोबरात सेट बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हेलिकॉप्टरने आला. सॅमसनने सवयीने सेट कोटातून काढून त्याच्या हातात दिला. सेट लगेच लागला. तासभर बाहेर बर्फावर ठेवून बघा, असं सॅमसनने त्याला सांगितलं. हेलिकॉप्टर तासभर थांबणार नव्हतं. 'समाधानकारक' असा शेरा मारून इंजिनिअर चहा न घेताच गेला.

जानेवारीत सॅमसनसह चौघांची पेट्रोल, म्हणजे गस्तीची तुकडी, सकाळी खिंडीकडे निघाली. त्या चढावर दोन्ही हात दोराला लागतात. सेट कोटातून काढून पाठीवरच्या पिशवीत ठेवावा लागतो. सव्वाअकराला बेसकडून हिमस्खलनाचा इशारा आला. मी स्वतः रेडिओवर बसलो.

"पेट्रोल, पेट्रोल. फौरन वापस आओ. ओव्हर."

उत्तर नाही. मी तेच पुन्हा पुन्हा बोलत राहिलो आणि दोन जवान मागावर धाडले. ते पोचण्याआधी बर्फाचा कडा सुटला.

तिघे जिवंत निघाले. सॅमसन संध्याकाळी सापडला. अखेरपर्यंत त्याच्या शेजारी असलेल्या लान्स नाईक गुरमीतला मी विचारलं.

"कोट खोलके बैठा था, साब. बोला, साब बुला रहे होंगे. सेट गरम कर रहा था."

चौकशी खाली बेसवर झाली. खोली गरम ठेवणारी बुखारीची शेगडी पेटलेली होती. चौकशी करणाऱ्या मेजरसाहेबांनी टेबलावरच्या सेटचं बटण दाबलं. सेट लागला.

"बाहर रखके देखिए, सर," मी म्हणालो.

"सुभेदार साब, सेट चल रहा है. आपके सामने."

गुरमीतची साक्ष घेतली गेली. निष्कर्षात ती आली नाही. 'ऑपरेटरने हलगर्जीपणाने सेट बंद ठेवला,' एवढंच आलं.

निवृत्तीनंतर मी पनवेलजवळ सुकापूरला राहतो. सॅमसनची आई, रिबेकामावशी, पनवेलला एकटीच असते. धाकटा तिला इस्रायलला बोलावतो. हलगर्जीपणाचं ते वाक्य खोडल्याशिवाय ती जाणार नाही. मी अर्ज करत आलो आहे. प्रकरण बंद झाल्याचं उत्तर येतं. मधल्या काळात त्या कंपनीला आणखी सेटची ऑर्डर मिळाली. न्हावा शेवा बंदरातून येणारे कंटेनर पळस्पे फाट्यावर रांगेत उभे असतात. कशात काय आहे, ते बाहेरून कळत नाही.

मागच्या खेपेला मी गेलो तेव्हा मावशीच्या टीव्हीवर चिपच्या नव्या कारखान्याची पायाभरणी चालू होती. भाषणात देश स्वावलंबी झाला होता. मावशीने आवाज बंद केला.

"अहो सुभेदार, थंडीत चालेल का, हे कोणी विचारलं का तिथे?"

कोणी विचारलं नव्हतं.

यंदा तिने सॅमसनच्या कबरीवर नवा दगड बसवला. मजकूर माझ्याकडे मागितला. मी 'वीरमरण' लिहिलं होतं. तिने ते काढायला लावलं. झालं तेवढंच लिहा, म्हणाली. दगडावर नाव आहे, हुद्दा आहे आणि एक ओळ: 'सेट चालू करत असताना मृत्यू.'

खाली वीतभर जागा उरली. फुलांची वेल कोरू का, असं कारागिराने विचारलं.

"राहू दे," मावशी म्हणाली. "ते वाक्य ज्या दिवशी खोडतील, त्या दिवसाची तारीख तिथे घालायची आहे."