नळीवरचा हात

गारखेड्यात गाडीचा एसी बिघडला की लोक गॅरेजचं नाव विचारत नसत, नूरमोहम्मद कुठं बसतो ते विचारत. मीटर लावून गॅसचा दाब बघणारे मेकॅनिक शहरात ढिगानं होते. हा बाबा मात्र इंजिन चालू ठेवून एसीच्या दोन नळ्या दोन हातांत धरायचा, एक गरम, एक गार, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा. गॅस संपला. कॉम्प्रेसर गेला. कचरा अडकला. त्याचं स्वतःचं मीटर खुंटीवर धूळ खात पडलं होतं आणि त्याचाच त्याला केवढा तोरा! खरं सांगायचं तर तीस वर्षं तो तोरा त्याला शोभलाही.

पण गेल्या हिवाळ्यापासून त्याच्या हातांना गरम-गार कळेनासं झालं होतं. डॉक्टर म्हणाले, शुगरनं नसा खाल्ल्यात, जपा. नूरमोहम्मदनं हे आबेदाला, स्वतःच्या बायकोलाही सांगितलं नाही. सांगणार काय? हात लुळा झालेल्या न्हाव्यापुढं मान कोण देतं? त्यानं अंदाजपंचे रेटायला सुरुवात केली. पंधरा दिवसांपूर्वी आप्पासाहेब नावाच्या जुन्या गिऱ्हाइकाचा चांगला कॉम्प्रेसर त्यानं बदलायला लावला आणि दोष निघाला दुसरीकडंच. आप्पासाहेब भांडले असते तर बरं झालं असतं. त्यांनी मुकाट गाडी दुसऱ्या गॅरेजात नेली.

अशात मे महिन्याच्या भर दुपारी बद्रीनाथची गाडी दारात येऊन थांबली. बद्रीनाथ टॅक्सीवाला, वीस वर्षांचा संबंध. मागच्या सीटवर त्याची आई, भागूबाई, छातीशी उशी धरून बसलेली. हृदयाचं ऑपरेशन होऊन दहा दिवस झालेले, सकाळीच दवाखान्यातून सुट्टी मिळालेली. गाव बिडकीनच्या पुढं.

"चाचा, मायला गरमीत न्यायचं नाय म्हणून डॉक्टरनं बजावलंय. अन् एसीतून नुसती वाफ येतीय."

"कधीपासून?"

"गाडी पळाली की गार लागतं. सिग्नलला थांबली की गरम."

पूर्वीच्या नूरमोहम्मदला एवढं पुरलं असतं. आज त्याचे कान नावालाच उघडे होते. सगळा जीव हातांत गोळा झाला होता.

भागूबाईला दुकानाच्या सावलीत खुर्चीवर बसवलं. बॉनेट उघडलं, इंजिन चालू, एसी पूर्ण. नूरमोहम्मदनं दोन्ही नळ्या धरल्या आणि सवयीनं डोळे मिटले.

काहीच कळेना. उजव्या हातात जे, तेच डाव्या हातात. दोन्ही नळ्या सारख्या असतील तर कॉम्प्रेसर गेला. पण नळ्या सारख्या आहेत, की हातच मेलेत? त्यानं मुठी आणखी आवळल्या. कानामागून घाम ओघळला. कॉम्प्रेसर म्हणावं तर दिवसभराचं काम, तोवर ही बाई कुठं थांबणार? आणि पुन्हा चुकलं तर बद्रीनाथ सगळ्या स्टँडवर बोलेल, उद्यापासून बॉनेट उघडायला कुणी येणार नाही. मीटर काढावं? म्हणजे सगळ्यांदेखत कबूलच करायचं. छे. नूरमोहम्मद घाबरला होता, आणि घाबरला की माणूस ठाम बोलतो.

"कॉम्प्रेसर..." त्यानं सुरुवात केली.

"बद्री," खुर्चीवरून त्याच्या लाल होत चाललेल्या बोटांकडं बघत भागूबाई म्हणाली, "त्यांचा हात भाजतोय रं."

बद्रीनाथनं झडप घालून त्याचा उजवा हात ओढला. तळवा लालबुंद झाला होता, कातडी सुटली होती. नूरमोहम्मद त्या तळव्याकडं दुसऱ्याचा असावा तसा बघत राहिला. कळ नव्हती. होती ती फक्त लाज, पार कानापर्यंत चढलेली.

मग त्याच्यातला कारागीर जागा झाला. नळी तापतेय म्हणजे कॉम्प्रेसर चालतोय. पण एवढी तापते कशी? समोरचा पंखा तिची उष्णता ओढून नेत नसेल तर. गाडी पळते तेव्हा वारा ते काम करतो, थांबली की कुणीच नाही. त्यानं वाकून बघितलं. पंखा ढिम्म उभा होता. शेंबड्या पोरालाही दिसलं असतं, पण हा डोळे मिटून उभा.

"पंख्याचा रिले गेलाय," तो म्हणाला. रिले म्हणजे पंख्याला करंट पोचवणारी बोटभर डबी. "हॉर्नचा काढून तिथं घालतो. गावापर्यंत हॉर्न नाय, दमानं जा."

भागूबाईनं आपल्या बाटलीतलं पाणी त्याच्या तळव्यावर ओतलं. त्यानं हाताला फडकं गुंडाळलं आणि डाव्या हातानं डबी बदलली. पंखा घरघरत सुटला. पाच मिनिटांनी भागूबाई गाडीत बसली. नूरमोहम्मदनं आत वाकून एसीच्या वाऱ्यापुढं डावा हात धरला. झालं म्हणून मोकळं होता आलं असतं. बद्रीनाथ आरशातून बघत होता.

"माय," नूरमोहम्मदनं विचारलं, "गार लागतंय का?"

"लागतंय की. तुला नाय लागत?"

"नाय," तो म्हणाला. "हिवाळ्यापासून नाय."

बद्रीनाथनं मान खाली घातली. भागूबाईनं उशी सावरली.

"घरी ठावं हाय?"

"नाय."

"मग आजच सांग. उद्या तापलेला तवा धरशील."

गाडी पैठण रोडकडं वळली. नूरमोहम्मदनं फोन लावला आणि पलीकडून आबेदा "हां, बोलो" म्हणाली, तेव्हा त्याला रडू फुटलं.