चार म्हणजे चार

तात्या कुणाच्या नुसत्या सांगण्यावर विश्वास ठेवत नसत. पालीच्या शिवारात बिबट्या दिसला म्हणून शेजारी धापा टाकत आला, तरी तात्यांचा पहिला प्रश्न, "ठसा कुठाय?" शेजारी भडकला. "मी काय खोटं बोलतोय का?" तात्या शांतपणे म्हणाले, "खोटं न्हाई बोलत. पण दिसलं काय अन् वाटलं काय, ह्यात लई फरक हाय."

ही सवय त्यांना नोकरीनं लावली होती. धनगराच्या घरातला हा माणूस हवाई दलात फोटो विभागात होता. लढाऊ विमानाच्या बंदुकीसोबत एक कॅमेरा असतो. बंदुकीचा घोडा दाबलेला असतो तेवढा वेळ तो चालतो. विमान उतरलं की ती फिल्म धुवायची, हे तात्यांचं काम. "सरावाची लढाई असली तरी पायलट छाती फुगवून उतरायचा, पाडलं म्हणायचा. आमी फिल्म धुवायचो, तर नुसतं आभाळ!" हे सांगताना ते खूश व्हायचे.

निवृत्तीनंतर त्यांनी वडवणीच्या बाजारात फोटो स्टुडिओ टाकला. एकदा एक बाप मुलीचा स्थळांना दाखवायचा फोटो काढायला आला आणि 'जरा उजळ करा' म्हणाला. तात्यांनी फोटो तसाच हातात ठेवला. "पोरगी हाय तशी दिसंल. पाहुण्याला चालत नसंल तर पाहुणा बदला." गिऱ्हाईक गेलं ते गेलंच.

मी त्यांच्याकडे गेले ती कामासाठी. पुण्यातली एक कंपनी विमानयुद्धाचा गेम बनवत होती. दुसरं महायुद्ध, ब्रह्मदेशाची आघाडी, कॉकपिटात बसल्यासारखं खेळायचं. शत्रूची पाच विमानं पाडणाऱ्याला 'एस' म्हणतात; अशा वैमानिकांची माहिती शोधणं माझ्याकडे होतं. मी बीडला घरून काम करायचे. तात्या वडिलांचे स्नेही, म्हणून जुन्या अहवालांतले शब्द समजून घ्यायला लॅपटॉप घेऊन पालीला गेले आणि सहा महिने दर शनिवारी जात राहिले.

तात्या भिंग लावून पडद्यावरचे कागद वाचायचे. अहवालात 'पाडलं' असं दिसलं की मला म्हणायचे, "पाडणाऱ्याला इचारलंस. आता ज्याचं पडलं त्याला इचार." म्हणजे शत्रूकडची त्या दिवसाची नोंद शोधायची. अशा नोंदींची भाषांतरं मिळवताना माझा जीव मेटाकुटीला यायचा. पण दोन्ही कागद जुळले की तात्या मांडीवर थाप मारायचे आणि काकू न सांगता चहा टाकायच्या.

गेमचा मुख्य नायक असलेल्या वैमानिकाच्या नावावर पाच विमानं होती. पाचवं जुळेना. त्याच्याच अहवालात लिहिलं होतं, धूर दिसला, विमान ढगात शिरलं. पलीकडची नोंद सांगत होती की ते विमान परत आलं, मागच्या बंदुकीवरचा शिपाई जखमी होता. तीन आठवड्यांनी तेच विमान पुन्हा उडालं होतं.

मी हे कळवलं, तेव्हा कंपनीच्या साहेबांनी तात्यांनाच व्हिडिओ कॉल केला. नायकाचं पोस्टर तयार होतं, आवाज रेकॉर्ड झाला होता.

"काका, इतकी जुनी गोष्ट. कोण तपासणार?"

"मी तपासली की."

"पण चारवर त्याला एस म्हणता येत नाही."

"मग म्हणू नका. चार म्हणजे चार. ते बी काय कमी हायेत?"

साहेबांनी सल्लागार म्हणून तात्यांचं नाव गेममध्ये टाकायची तयारी दाखवली. तात्या खुर्चीत पुढे सरकले. "अन् त्या मागच्या शिपायाचं काय? तो जित्ता माघारी गेलता. तुमी त्याला बसल्या जागी मारून टाकताय. त्याच्याखाली माझं नाव? नको."

सोमवारपर्यंत तक्त्यात पाच लिहून पाठव, असा मला निरोप आला. मी तात्यांना विचारलं, काय करू? ते म्हणाले, "नोकरी तुझी हाय, पोरी. मी कावून सांगू?" मी चार लिहिले. त्याच आठवड्यात मला त्या कामावरून काढलं. मग मात्र तात्यांचा भयंकर राग आला. त्यांचं काय गेलं? मी पालीला जाणं बंद केलं.

गेम बाजारात आला, पाचाचा आकडा घेऊन. काही दिवसांनी काकूंचा फोन आला. "तुझे तात्या कंप्युटरवर भांडतेत. ये जरा."

खेळणाऱ्यांच्या चर्चेच्या पानावर तात्यांनी दोन्ही कागद टाकले होते. खाली पूर्ण नाव, गाव पाली, जिल्हा बीड. जगभरातून शिव्या येत होत्या. तात्या एका बोटानं टाइप करून प्रत्येकाला पान क्रमांक कळवत होते. मी खुर्ची ओढली आणि शेजारी बसले.

कंपनीनं शेवटपर्यंत आकडा बदलला नाही. पण खेळणाऱ्यांतल्याच काहींनी कागद वाचले आणि गेमला जोडायची स्वतःची दुरुस्तीची फाइल बनवली. तीत ते विमान ढगात शिरून निघून जातं. मी ती तात्यांपुढे लावली. दोनदा त्यांचं विमान डोंगरावर आपटलं. तिसऱ्यांदा धूर सोडणारं ते विमान अगदी समोर आलं, तेव्हा त्यांनी बटणावरचं बोट उचललं. "जाऊ दे त्याला," एवढंच म्हणाले.

मागच्या वर्षी तात्या गेले. शोकसभेत एका पुढाऱ्यानं माइक हातात घेतला आणि आवाज चढवला. तात्यांनी म्हणे युद्धात शत्रूची तीन विमानं लोळवली होती. लोक माना डोलवत होते. मी उभी राहिले.

"तात्यांनी एकही विमान पाडलं नाही. त्यांनी विमान कधी चालवलंही नाही. ते फिल्म धुवायचे."

मंडपात कुजबुज झाली. मागून कुणीतरी ओरडलं, "खाली बस. ही काय येळ हाय का?" मी बसले नाही. पुढच्या रांगेतून काकू उठल्या, पुढाऱ्याच्या हातातून माइक घेतला आणि माझ्याकडे दिला.

"खरं सांगतीय ती. बोलू द्या तिला."

आणि मी बोलत राहिले, तात्या जेवढे होते तेवढे सगळे सांगून होईपर्यंत.