घोणीची सोयर

विनताबाई सुभेदारांनी बत्तीस वर्षं मुलींच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवलं, पण त्यांची घोण, म्हणजे मोठी गोम, कायम एकाच बरणीतली. औषधात बुडून बुडून तिचा रंग उडाला, बाईंचा उत्साह मात्र तसाच. "पाय मोजा गं, एकवीस जोड्या! आणि त्यांच्याही पुढची एक जोडी बदलून विषाचे आकडे झालेत. ही तोंडानं नाही, पायांनी चावते!" हे सांगताना दरवर्षी मुलींपेक्षा त्याच जास्त चकित होत. अंडी सांभाळणारी जिवंत घोण तेवढी त्यांनी कधी पाहिली नव्हती. ती हुरहूर घेऊनच त्या निवृत्त झाल्या.

आणि यंदा आषाढात ती आपण होऊन कांचघर मोहल्ल्यातल्या त्यांच्या घरी आली. मागच्या नळाशी अळूची कुंडी आहे, बुडाशी तडकलेली. त्या भेगेतून दिसली, वीतभर लांब, तांबूस, पिवळट अंड्यांच्या झुपक्याला विळखा घालून बसलेली. साठी उलटलेल्या विनताबाई चिखलात पालथ्या पडून बघत राहिल्या. आनंदानं त्यांना काही सुचेना.

तेवढ्यात मागून वीणाताई आल्या, हातात हळदीकुंकवाचा करंडा. या त्यांच्या थोरल्या नणंद, चातुर्मासापुरत्या रांझीहून आलेल्या. गोम म्हणजे लक्ष्मी, दिसली की मारायची नाही, हळदीकुंकू वाहायचं, ही घरची रीत.

"ताई, थांबा!"

"काहून थांबू? लक्ष्मी आली घरी, आन् तू चिखलात लोळून राहिली!"

घोणीला कुणी छेडलं तर ती घाबरून स्वतःचीच अंडी खाऊन टाकते. शिवाय तिची श्वासाची भोकं अंगाच्या कडेला असतात आणि ती मिटता येत नाहीत, त्यात कुंकू गेलं तर? पण हे सांगायला जावं तर ताई म्हणणार, लक्ष्मी असं करत नसते. बाईंनी बत्तीस वर्षांचं शास्त्र मुकाट्यानं बाजूला ठेवलं.

"ताई, ती बाळंतीण आहे. सोयरीत पूजा चालते का?"

ताईंची चिमूट हवेतच थांबली. "अच्छा! किती दिवसांची सोयर?"

"पिल्लं आपापल्या वाटेला लागेपर्यंत."

"इतकी मोठी?"

"पाय बघा ना किती आहेत!"

हे कारण ताईंना तंतोतंत पटलं. त्या दिवसापासून नळ त्यांच्या ताब्यात गेला. कामवालीनं बादली आपटली की बाळंतिणीच्या काळजीनं ताई हिंदीत दटावत, "धीरे, बाई, अंदर जच्चा है!" ऊन तापलं की घोणीचं अंग सुकतं, तिच्या कातडीत पाणी टिकत नाही, हे कळल्यावर कुंडीवर ओलं पोतं आलं.

"खाते काय ही?" एकदा त्यांनी विचारलं.

"काही नाही. उपाशीच राहते, आणि बुरशी लागू नये म्हणून अंडी चाटत बसते."

"एकटीच सारं करून राहिली बिचारी," ताई म्हणाल्या, आणि बाळंतिणीसाठी म्हणून केलेले डिंकाचे लाडू, तिला ते चालत नाहीत हे कळल्यावर, त्यांना स्वतःलाही गोड लागले नाहीत.

श्रावणात अंडी फुटली. आईच्या विळख्यात पांढुरकी पिल्लं वळवळू लागली. गणपती गेल्यावर एका सकाळी ती एकेक करून भेगेतून बाहेर पडली आणि ओल्या पाचोळ्यात नाहीशी झाली. विनताबाई मोजायला बसल्या, पण डोळे भरून आल्यामुळे आकडा चुकला, आणि त्यांना हसूच फुटलं. भेगेत आई एकटी उरली, रोडावलेली.

"विनता, हट बाजूला!"

झुरळ दिसलं की दिवाणावर चढणाऱ्या वीणाताई ताटलीवर स्टीलचा ग्लास उपडा धरून, डोळे घट्ट मिटून, चाचपडत येत होत्या. ग्लासात काहीतरी जिवंत खुडबुडत होतं.

"सोयर फिटली ना आज? लाडू तिला चालत नाही म्हणालीस. काढ तो ग्लास लवकर, हात कापून राहिले माझे!"