दुसऱ्या दिवशीचा हात

प्रिय रेवा आणि अन्वय,

पुढच्या शनिवारी इथे कॅनडात आमच्या ग्वेल्फच्या बेसबॉल क्लबचा हंगाम सुरू होतो आहे. पहिल्या सामन्याआधी मनोहरभाऊंबद्दल मी चार शब्द बोलावेत असं ठरलं आहे. क्लबचा अध्यक्ष रॉन म्हणाला, "शॉर्ट ठेव, लोक थंडीत उभे असतात." तेव्हा तिथे मी शॉर्टच ठेवीन. पण परवा तुमचे बाबा फोनवर म्हणाले, "म्हणजे ते आजोबाच ना, ज्यांनी एका संपलेल्या पिचरवर डाव लावला आणि हरले?" उद्या तुम्हीही तेच ऐकाल आणि तेच खरं धराल. ते खरं नाही. म्हणून हे तुम्हाला सविस्तर लिहिते आहे.

मनोहरभाऊ सामना बघायला येत, पण चेंडू बघत नसत. स्वतःची घडीची खुर्ची घेऊन ते मैदानाच्या कडेला, पिचर जिथून दिसेल अशा जागी बसत. पिचर म्हणजे आपल्या बोलरसारखा, फक्त तो कोपर वाकवून, सगळं अंग झोकून फेकतो. चेंडू गेला की सगळ्यांच्या माना चेंडूबरोबर वळत. भाऊंची मान जागच्या जागी. ते बघत पिचरचा रिकामा झालेला हात कसा लोंबतो, बोटं मिटतात की नाही, टोपी सारखी करायला तो कुठला हात वर नेतो. एकदा चेंडू कुंपणापलीकडे गेला, लोक उभे राहून ओरडायला लागले, तेव्हा तुमचे आजोबा त्यांना हलवून म्हणाले, "अरे मनोहर, बघ तरी!"

"जाऊ दे ना बे," भाऊ म्हणाले. "बॉलला काही दुखत नाही."

ते मूळचे नागपूरचे, जनावरांचे डॉक्टर. इथल्या विद्यापीठात त्यांनी आयुष्यभर घोड्यांच्या पायांवर काम केलं. आजोबा तिथेच मृदाशास्त्र शिकवत, तेव्हापासूनची आमची ओळख. निवृत्तीनंतर बरोबरीची मंडळी गोल्फकडे नाहीतर भजनाकडे वळली. भाऊ बेसबॉल क्लबच्या कमिटीत शिरले. हा क्लब गावातल्या लोकांनी चालवलेला आहे. खेळाडूंशी एकेका हंगामाचा छोटा करार होतो. भाऊंनी मलाही ओढलं. "वहिनी, तुमचं इंग्रजी सरळ आहे. इथं कोणालाच मिटिंग नीट लिहिता येत नाही बाप्पा." त्यामुळे पुढचं सगळं मी समोर बसून पाहिलं आहे.

मोठे संघ कोट्यवधी डॉलर लावून जे करतात, तेच आमचा क्लब अगदी किरकोळ पैशात करतो. उतरणीला लागलेला, दुखापतीतून उठलेला जुना पिचर एका हंगामासाठी घ्यायचा. चालला तर आपलं नशीब, नाही तर हात हलवून निरोप. बाकीचे लोक असा पिचर घेण्याआधी त्याचा वेग मोजत. मनोहरभाऊ त्याला दुसऱ्या दिवशी सकाळी घरी पोहे खायला बोलवत.

ही त्यांची परीक्षा होती. पिचरने जोर लावून चेंडू फेकले की त्या दिवशी हात गरम असतो, काही कळत नाही. खरं काय ते दुसऱ्या सकाळी कळतं. भाऊ त्याच्यापुढे पोह्यांची बशी ठेवत आणि लोणच्याची नवी, घट्ट झाकणाची बरणी सरकवून म्हणत, "जरा ओपन कर." पोरगा हसत हसत फेकायचा हात टाळून दुसऱ्या हाताने झाकण फिरवायचा, किंवा टेबलाच्या कडेला झाकण आपटायचा आणि वर सांगायचा, "आय फील ग्रेट, डॉक." तो गेला की भाऊ म्हणत, "घोड्याला लपवता येत नाही. हा लपवून राहिला. लपवणाऱ्याला घेतलं तर आपणच त्याचा हात मोडू."

त्या डावाच्या वर्षी वसंतात डेल आला. उत्तरेकडच्या खाणींच्या गावातला, चाळिशीला टेकलेला, खांद्याचं ऑपरेशन झालेला. मागच्या दोन क्लबांनी त्याला हंगाम अर्ध्यावर असतानाच सोडलं होतं. मैदानावर त्याने फेकून दाखवलं तेव्हा उतरलेला वेग बघून रॉनने माझ्याकडे बघत भुवया उडवल्या. दुसऱ्या सकाळी मी भाऊंच्या स्वयंपाकघरात होते. डेलने बरणी जवळ घेतली, झाकणावर फेकायच्या उजव्या हाताची बोटं ठेवली आणि बरणी तशीच परत खाली ठेवली.

"आज नाही जमणार, डॉक," तो म्हणाला. "इथे दुखतंय." त्याने खांद्याच्या मागे बोट लावलं. "पण इथे नाही." आणि कोपराची आतली बाजू दाखवली. "मागचं दुखणं परवापर्यंत जातं. आतलं दुखलं तर मी संपलो."

भाऊंनी त्याला आणखी पोहे वाढले. डेल गेल्यावर मला म्हणाले, "वहिनी, ह्याला घ्यायचा."

"भाऊ, त्याला बरणी उघडता आली नाही."

"म्हणूनच तर ना जी! दुखते कुठं ते जो सांगते, त्याचा हात वाचवता येते."

कमिटीत हे कोणाला पटणार? रॉन विम्याचा माणूस, धोका ओळखणं हाच त्याचा धंदा. तो म्हणाला, "डॉक, तो फिनिश्ड आहे."

"फिनिश्ड?" भाऊ म्हणाले. "मी आयुष्यभर प्रॅक्टिस केली, हा आजार कधी पाहिला नाही. लक्षणं सांग."

सगळे हसले, रॉन हसला नाही. "तो हंगामभर टिकला नाही तर?"

"तर मी कमिटी सोडतो. लिहा वहिनी."

मी लिहिलं, पण नाइलाजाने. कमिटीची ती खुर्ची त्यांना काय होती हे मला ठाऊक होतं. त्यांची लेक शीतल मिसिसागाहून दर रविवारी येई आणि म्हणे, "बाबा, आता पुरे. आमच्या शेजारच्या कॉन्डोत या. बर्फ शोव्हल करायला नको, काही नको." भाऊ तिला लाडाने म्हणत, "तू मला रिटायर करून राहिली का पोरी? ते काम विद्यापीठानं कधीच केलं." जिथे त्यांना अजून कोणी काही विचारत होतं, अशी ती एकच जागा उरली होती.

डेलचा पहिला सामना वाईट गेला. समोरच्या पोरांनी त्याला झोडपलं आणि आपल्याच लोकांनी हुर्यो केली. मागून कोणीतरी ओरडलं, "आजोबांना घरी न्या!" भाऊ खुर्चीतून उठले, मागे वळले आणि म्हणाले, "कुठल्या आजोबांना? इथे दोघं आहोत." आणि उभ्या उभ्या टाळ्या वाजवत राहिले, डेल मैदानातून बाहेर येईपर्यंत.

नंतर मात्र डेल सावरला. तो जोरात फेकतच नसे. समोरची तरणी पोरं घाईने बॅट फिरवायची आणि चेंडू मागून रमतगमत यायचा. जुलैत आम्ही शेजारच्या किचनर गावाच्या संघाला हरवलं तेव्हा रॉन भाऊंना मिठी मारून म्हणाला, "डॉक, यू आर अ जीनियस." भाऊ म्हणाले, "मला नाही, त्याला सांग. अन् उद्या सकाळी त्याला फोन करून विचार, कसं आहे." रॉनने फोन केला नाही. भाऊंनी केला. प्रत्येक सामन्यानंतर ते करत.

उपांत्य सामन्याच्या आदल्या सकाळी डेल न बोलावता भाऊंच्या दारात आला. भाऊंनी लगेच मला फोन करून बोलावून घेतलं. मी पोचले तेव्हा डेल टेबलाशी बसला होता, कोपर डाव्या तळव्यात धरून.

"आतलं दुखतंय, डॉक," तो म्हणाला. "पण उद्या एक सामना मी काढेन. तुम्ही माझ्यासाठी शब्द दिलाय. मला माहीत आहे."

"शब्द माझा आहे," भाऊ म्हणाले. "हात तुझा. माझा शब्द तुझ्या कोपरात कशाला घालतो?"

त्या संध्याकाळी कमिटीत त्यांनी सांगितलं, डेल उद्या खेळणार नाही. आणि आता गंमत बघा. ज्या रॉनला डेल नको होता, तोच टेबलावर हात आपटून म्हणाला, "तोच हवा! करार आहे त्याचा. नंतर हात गेला तर गेला, तसाही त्याचा हा शेवटचाच हंगाम. अन् खेळतो असं तर तो स्वतःच म्हणतो!"

भाऊ शांतपणे म्हणाले, "रॉन, रेसच्या घोड्यांच्या मालकांनी मला हेच सांगितलं होतं, दुखणं दाबायचं इंजेक्शन द्या अन् पळवा. घोड्याला मी नाही दिलं. डेलला देईन काय?"

"मग तुम्ही डाव हरलात, डॉक. तो हंगामभर टिकला नाही."

"हरलो ना. लिहा वहिनी."

मला राहवलं नाही. मी पेन खाली ठेवून म्हटलं, "मी लिहिणार नाही."

"लिहा जी," भाऊ म्हणाले. "शब्द मोडून जिंकायचं असतं तर कधीच जिंकलो असतो."

दुसऱ्या दिवशी आम्ही हरलो. चांगलेच हरलो. भाऊ कमिटीत नव्हते, म्हणून कुंपणाच्या बाहेर, रस्त्याच्या बाजूला खुर्ची टाकून बसले होते. शीतल मला म्हणाली, "काकू, आता तरी येतील ना ते?" मी भाऊंना विचारलं तर म्हणाले, "कुंपणाबाहेर बसायला कोणाची परमिशन लागते?" ते मिसिसागाला गेले नाहीत. पुढच्या उन्हाळ्यातही तिथेच बसले. पिचर त्यांच्यासमोरून जाताना कुंपणाशी थांबून कुठे दुखतंय ते सांगून जात. रॉन बघून न बघितल्यासारखं करी. त्यानंतरच्या हिवाळ्यात भाऊ वारले, आपल्या घरी, आपल्या पलंगावर.

तुमच्या बाबांना सांगा, मनोहरभाऊ हरले हे मिटिंगच्या कागदावर आहे आणि ते माझ्याच अक्षरात आहे. पण तो कागद अर्धाच आहे. डेल ग्वेल्फमध्येच राहिला. तो आता आमच्या क्लबच्या पिचरना शिकवतो, आणि सामन्याच्या दुसऱ्या सकाळी प्रत्येकाला फोन करतो. ज्याचं आतलं दुखतं त्याला तो खेळवत नाही, रॉनने कितीही आरडाओरडा केला तरी. यंदाही कोणालाच नको असलेल्या एका पिचरशी आम्ही करार केला आहे.

आणि डेलचा हात शाबूत आहे.

तुमची,
आजी